पाचव्या तारेचा महिमा

डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमर्सन 1962च्या फेंडर प्रिसिजनवर एकाच बोटाने बेस वाजवायचा. तार तुटेपर्यंत बदलायचाही नाही. बिचारा! आमच्या ऑर्केस्ट्रातल्या बेसवाल्याने ही उणीव भरून काढली आहे. पाच तारा, सात पेडल आणि जिना चढवायला दोन हमाल लागतील असा अँप. पाचवी तार 31 हर्ट्‌झला घुमते. कार्यालयाचे स्पीकर तितके खाली उतरत नाहीत, हा स्पीकरांचा कोतेपणा. त्यांना धडा म्हणून आता सहावी तार येतेय.

परवाच्या लग्नात वधूपिता मुद्दाम स्टेजवर आले. "बेस काय दणदणीत होता हो!"

बेसवाल्याने नम्रपणे मान झुकवली. मागून साउंडवाला आला, "दादा, तुमच्या गिटारची वायर संध्याकाळपासून माझ्याच पेटीत राहिलीय."