काटकसरीचा वाढता खर्च

शहरी महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबाचे उत्पन्न मुख्यतः घराचा हप्ता, मुलांच्या शाळेचे शुल्क आणि दवाखान्याची बिले यांत जिरते. त्या कुटुंबाची आर्थिक बुद्धिमत्ता मात्र तूरडाळ, साखर आणि गोडेतेल यांवर खर्च होते. या विसंगतीचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. हप्ता बँक ठरवते, शुल्क संस्थाचालक ठरवतात, बिल रुग्णालय ठरवते, आणि या तिघांशी घासाघीस करण्याची सोय नसल्यामुळे कुटुंबप्रमुखाला आपले चातुर्य सिद्ध करण्यासाठी स्वयंपाकघरातील डबे तेवढे उरतात. या डब्यांभोवती जे ज्ञान रचले गेले आहे त्याला ‘शहाणी खरेदी’ म्हणतात, आणि प्रत्यक्ष आचारावरून तिची व्याख्या अशी करता येते : जी वस्तू घ्यायची नव्हती ती, जेवढी लागत नव्हती तेवढी, छापील किमतीपेक्षा कमी दराने घेणे आणि दोन किमतींतील फरक ही आपली कमाई आहे असे धरून चालणे.

या शास्त्राचा पाया जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल याने 1857 मध्ये घातला असे म्हणता येईल. उत्पन्न वाढत जाते तसतसा एकूण खर्चातील अन्नाचा वाटा घटत जातो, हा त्याचा नियम आजही अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आढळतो. भारतात 2023-24 मध्ये झालेल्या घरगुती उपभोग खर्चाच्या सर्वेक्षणानुसार हा वाटा ग्रामीण भागात सुमारे 47 टक्के आणि शहरी भागात सुमारे 40 टक्के होता. परंतु या 40 टक्क्यांची फोड पाहिली असता शहाण्या खरेदीदाराची थोडी पंचाईत होते, कारण शहरी कुटुंबाच्या एकूण खर्चात तांदूळ-गव्हादी तृणधान्यांचा वाटा सुमारे 4 टक्के, तर पेये, प्रक्रिया केलेले खाद्यपदार्थ आणि बाहेरचे तयार खाणे यांचा सुमारे 11 टक्के आहे. याचा अर्थ असा की, ज्या तांदळाच्या भावात किलोमागे दोन रुपयांचा फरक पडावा म्हणून तीन दुकाने पालथी घातली जातात, तो तांदूळ शोधमोहिमेचे श्रम विसरण्यासाठी मागवलेल्या पावभाजीच्या मानाने नगण्यच ठरतो. तरीही तांदळाची चौकशी करणाऱ्यास जबाबदार गृहस्थ मानले जाते आणि पावभाजीला विरोध करणाऱ्यास कंजूष, ही या शास्त्रातील पहिली गृहीत गोष्ट होय.

महिन्याच्या सामानाची यादी हे या विद्येचे मूळ साधन. पूर्वी ही यादी वाण्याच्या हाती दिली जाई, तीत डाळ-तांदळापासून हिंग, कापूर आणि उदबत्तीपर्यंत सर्व जिन्नस ठरलेल्या क्रमाने येत, आणि माल फळीच्या पलीकडे व गिऱ्हाईक अलीकडे अशी रचना असल्यामुळे यादीत नसलेली वस्तू घरात शिरण्याचा संभव फारसा नसे. ही भिंत अमेरिकेत क्लॅरेन्स सॉन्डर्स या व्यापाऱ्याने 1916 मध्ये पाडली. मेम्फिस शहरातील आपल्या ‘पिगली विगली’ या दुकानात त्याने गिऱ्हाइकालाच मांडणीमधून फिरून हव्या त्या वस्तू उचलण्याची मुभा दिली, म्हणजे नोकराचे काम गिऱ्हाइकाकडून विनावेतन करून घेतले आणि त्याला स्वातंत्र्य असे नाव दिले. पुढे गिऱ्हाइकांची टोपली जड झाली की त्यांची खरेदी थांबते, हे ओक्लाहोमा सिटीतील दुकानदार सिल्व्हन गोल्डमन याच्या ध्यानात आले आणि 1937 मध्ये त्याने चाकांची ढकलगाडी वापरात आणली. मनगट दुखू लागणे ही खर्चाला घातलेली निसर्गाची मर्यादा होती. ती चाकांनी संपवली. मोबाइलवरील खरेदीने तर वजन ही संकल्पनाच रद्द केली असून, दहा किलो आटा आणि दहा ग्रॅम केशर दोन्ही आता अंगठ्याच्या सारख्याच हालचालीने उचलता येतात. यादी अजूनही केली जाते, परंतु दुकानातून बाहेर पडताना तीत काय नव्हते हे समजावे एवढ्यापुरताच तिचा उपयोग उरला आहे.

बचत मोजण्याची पद्धत हा या शास्त्राचा दुसरा आधार होय. सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत पुड्यावर छापण्याची सक्ती भारतात 1990 मध्ये झाली, आणि दुकानदाराने ग्राहकाला लुबाडू नये हा तिचा हेतू होता. कायद्याने त्या किमतीपेक्षा जास्त घेण्यास मनाई केली, परंतु ती किंमत किती छापावी हे ठरवण्याचे काम उत्पादकावरच सोपवले. त्यामुळे ग्राहकाच्या रक्षणासाठी बांधलेली ही वेस लवकरच सवलत मोजण्याची पट्टी बनली, कारण आकडा वर छापला की खाली उतरण्यास जागा मिळते. रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने, ज्याला 2017 मध्ये नोबेल मिळाले, 1985 मधील एका निबंधात या मनोव्यापाराचे विवेचन केले आहे. वस्तू वापरून मिळणारे समाधान वेगळे आणि ती ‘स्वस्तात पडली’ याचे समाधान वेगळे, असे त्याचे प्रतिपादन असून दुसऱ्या प्रकाराला त्याने व्यवहाराची उपयोगिता म्हटले. मराठी घरांत ही उपयोगिता बिलाच्या तळाशी ‘आपण एवढे रुपये वाचवले’ अशा ठळक अक्षरांत मिळते, आणि ते बिल शेजाऱ्यांना दाखवता येत असल्यामुळे तिचा उपभोग वस्तू संपल्यानंतरही घेता येतो. वाचलेले हे पैसे नेमके कोठे गेले, हा प्रश्न मात्र महिनाअखेरीस विचारला जात नाही, कारण खातेपुस्तकात त्यांची नोंद सापडत नाही.

तिसरा आधार वजनाचा. डाळ, चहा, बिस्किटे, साबण अशा काही वस्तू ठरावीक वजनांतच विकण्याचे बंधन वेष्टित वस्तूंच्या 2011 च्या नियमांत होते. 2021 मधील दुरुस्तीने ते काढून टाकले आणि त्याबदली प्रत्येक पुड्यावर एककाची विक्रीकिंमत, म्हणजे दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव, छापण्याची अट घातली. हेतू निःसंशय चांगला होता. परंतु एक किलोच्या आतील पुड्यावर भाव ग्रॅममागे आणि एक किलोच्या वरील पुड्यावर किलोमागे लिहायचा असल्यामुळे दोन पुड्यांची तुलना करण्यास दशांश अपूर्णांक पक्के असावे लागतात. उदाहरणार्थ, 830 ग्रॅमचा एक पुडा 137 रुपयांना आणि सव्वा किलोला थोडा कमी असा 1.2 किलोचा दुसरा पुडा 204 रुपयांना मिळतो असे समजू. पहिल्यावर ग्रॅमला 0.17 रुपये आणि दुसऱ्यावर किलोला 170 रुपये असे बारीक टाइपात लिहिलेले असेल. चष्मा लावून वाचणाऱ्यास दोन्ही भाव सारखेच वाटतील, आणि प्रत्यक्ष भागाकार करणाऱ्यास पहिला पुडा किलोमागे पाच रुपयांनी स्वस्त असल्याचे, म्हणजे मोठा पुडा स्वस्त पडतो हा कौटुंबिक सिद्धान्त तेथे खोटा ठरल्याचे, आढळेल. शाम्पूच्या बाबतीत तर रुपया-दोन रुपयांची पुडी बाटलीपेक्षा स्वस्त पडल्याची उदाहरणे बाजारात नेहमी दिसतात. तेलाचा प्रकार आणखी निराळा आहे, कारण एक लिटर गोडेतेल साधारण 910 ग्रॅम भरते आणि लिटर व किलो यांच्या पिशव्या एकाच फळीवर शेजारी उभ्या असतात. इतके सर्व गणित उभ्याउभ्या करावयाचे झाल्यास मागील रांगेचा रोष ओढवतो, म्हणून सुजाण ग्राहक पुड्यावरील पिवळा तारा पाहतो आणि निर्णय घेतो.

घरपोच सेवेने या विद्येत ‘किमान मागणी’ ही नवी संज्ञा आणली आहे. ठरावीक रकमेपर्यंत खरेदी न पोहोचल्यास पोहोचवण्याचा आकार द्यावा लागतो, असा तिचा अर्थ. 170 रुपयांचे सामान मागवणाऱ्या गृहस्थाला आणखी 29 रुपयांची खरेदी केल्यास 25 रुपयांचा आकार माफ होईल असे कळवले जाते, 29 रुपयांत घेण्यासारखे काही आढळत नाही, म्हणून तो 45 रुपयांचे वेफर्स घेतो आणि आकार वाचवल्याचे समाधान चघळत बसतो. दुसऱ्या दिवशी कोथिंबीर संपल्याचे लक्षात येते व हाच विधी पुन्हा करावा लागतो, कारण दहा मिनिटांत सर्व काही मिळत असेल तर उद्याचा विचार आज करणे हे मागासलेपणाचे लक्षण ठरते. अशा रीतीने नियोजनाची गरजच नष्ट करणाऱ्या सेवेचा उपयोग नियोजनबद्ध बचतीसाठी होतो, आणि वार्षिक सदस्यत्वाचे पैसे भरलेले असल्यास ते वसूल होईपर्यंत खरेदी थांबवता येत नाही.

साठवणीचा विचारही येथे केला पाहिजे. महाराष्ट्रात उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरण्याची रीत होती, आणि तिच्यामागे ठोस कारण होते : नवा गहू बाजारात आल्यावर भाव उतरत असे, कडक उन्हात धान्य वाळवता येत असे, आणि एरंडेल चोळून किंवा कडुनिंबाचा पाला घालून ते पावसाळ्यातून सुखरूप काढता येत असे. आधुनिक साठवणीला मोसम नसतो, ‘एकावर एक मोफत’ची पाटी असते. या पाटीमुळे आलेले पाच किलो तांदूळ ठाण्याच्या किंवा पुण्याच्या ज्या घरात ठेवले जातात तेथे चौरस फुटाचा भाव पाच आकडी असतो, म्हणून पलंगाखालच्या त्या पोत्याचे भाडे काढल्यास मोफत तांदूळ बासमतीलाही मागे टाकील. पावसाळ्यात तांदळाला पोरकिडे आणि रव्याला जाळी लागल्यानंतर तो निवडण्याचे, चाळण्याचे आणि उन्हे पडलीच तर गच्चीवर पसरण्याचे काम ज्या गृहिणीकडे येते तिच्या तासाचा दर या शास्त्राने शून्य धरला आहे. कोष्टकात आकडे भरून काटकसरीचा आराखडा तयार करणारे गृहस्थ सहसा चाळण हाती घेत नसल्यामुळे ही त्रुटी आजवर कोणाच्या निदर्शनास आलेली नाही.

या सर्व विवेचनात एक वर्ग मुळीच येत नाही. रोजच्या मजुरीवर जगणारे कुटुंब संध्याकाळी हाती आलेल्या पैशांतून पावशेर तेल, चहाची पुडी आणि दोन दिवसांचे पीठ घेते, म्हणजे बहुधा किलोमागे अधिकच दाम मोजते, कारण घाऊक घेऊन बचत करण्यासाठी आधी हाती भांडवल असावे लागते. परंतु यादीबाहेरचे न घेणे, घरात काय आहे ते पाहून मगच बाजारात जाणे आणि घेतलेले सर्व खाऊन संपवणे ही शहाण्या खरेदीची तिन्ही सूत्रे हेच कुटुंब तंतोतंत पाळते. असे असूनही नियोजनाचा उपदेश नेमका याच वर्गाला करण्याची सुशिक्षितांना विशेष हौस असते.

खऱ्या उपायांबद्दल वस्तुतः वाद नाही. आठवड्यात काय शिजवायचे ते आधी ठरवून त्यावरून यादी करावी, ती करण्यापूर्वी डबे उघडून पाहावेत, भाव नेहमी किलोचा काढावा, नासणारी वस्तू सवलतीसाठी घेऊ नये, आणि भरल्या पोटी बाजारात जावे, एवढ्यांत हे शास्त्र संपते. यांतील एकही उपाय कोणाला विकता येत नसल्यामुळे त्यांची जाहिरात होत नाही, आणि फुकट मिळणाऱ्या सल्ल्यावर टक्केवारीची सूट देता येत नसल्यामुळे तो घेण्यात व्यवहाराची उपयोगिताही नाही.

महागाईकडे पाहण्याची याहून वेगळी एक रीत याच महाराष्ट्रात होती. 1972 मध्ये मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या परस्परभिन्न पक्षांच्या नेत्या तीत एकत्र आल्या, आणि गृहिणींनी लाटणी घेऊन मोर्चे काढले. तेल का मिळत नाही व साखर कोणी दडवली, हे प्रश्न त्यांनी सरकारला विचारले. आपल्या यादीत काय चुकले याची चर्चा केली नाही. 1975 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने निराळा मार्ग धरला आणि शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करून, त्यांची मागणी एकत्र करून, घाऊक दराने आणलेला माल सभासदांनीच वाटून घेण्याची पद्धत रुजवली. दोन्ही मार्गांत एक गैरसोय होती, ती म्हणजे शेजाऱ्यांशी बोलावे लागे. आज प्रत्येक कुटुंब आपापल्या मोबाइलवर वेगळी सवलत मिळवते, त्यामुळे सामुदायिक तक्रारीला विषय उरत नाही, आणि भाव वाढले तर तो साठेबाजीचा, धोरणाचा किंवा पावसाचा दोष न राहता नियोजनातील वैयक्तिक ढिलाई ठरते. या व्यवस्थेत सरकार, व्यापारी आणि सल्लागार या तिघांचीही सोय असून सर्व दोष डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या न लावणाऱ्या गृहिणीकडे जातो. तिने खेद मानण्याचे कारण नाही. चिठ्ठ्यांचे एक पाकीट घेतल्यास सध्या दुसरे मोफत मिळते.