नालाथ्नी ड्रॅगनचे मानकरी

अमेरिकेतल्या एखाद्या कार्डांच्या दुकानात शुक्रवारी संध्याकाळी डोकावलात, तर 'मॅजिक: द गॅदरिंग' हा कार्डांचा खेळ खेळणाऱ्या पोरांच्या गराड्यात एक पन्नाशीचे गृहस्थ हमखास दिसतील. ते खेळत नाहीत. ते दाखवतात.

पिशवीतून आधी डबा निघतो, डब्यातून कडक कव्हर, त्यात मऊ कव्हर आणि आत नालाथ्नी ड्रॅगनचं कार्ड. देव्हाऱ्यातल्या देवालाही इतकं सोवळं नसेल. "हात नको, नुसतं बघ." चिप्स खाणारा पोरगा तर दोन हात लांबच.

बघण्यासारखं तसं फार काही नाही. चार मॅना, म्हणजे खेळातलं जादूचं चलन, मोजून ड्रॅगन आणायचा, तर त्याची मारायची ताकद एक आणि सोसायचीही एकच. उडतो, एवढं खरं. लाल मॅना ओतला की घटकाभर अंगात येतं. पण एका फेरीत चारदा ओतला, तर फेरी संपताना स्वतःच मरतो. वर 'बँडिंग' नावाचा नियम, जो समजावताना भल्याभल्यांना घाम फुटे. एका पोराने तो गृहस्थांनाच विचारला, तर त्यांनी ड्रॅगन मुकाट्याने डब्यात घातला.

खरी मातब्बरी आहे ती कार्ड मिळालं कसं याची. खेळ बाजारात आला 1993 साली. पुढच्याच वर्षी अटलांटाला ड्रॅगन कॉन हा कल्पनाविश्वाच्या शौकिनांचा मेळा भरला आणि तिथे आलेल्यांना हे कार्ड फुकट वाटलं. गृहस्थ तेव्हा रांगेत होते. त्यांच्या सांगण्यात ती रांग दरवर्षी थोडी लांबते.

आणि मग घात झाला. जे जाऊ शकले नाहीत त्यांनी बोंब ठोकली, की खेळाचं कार्ड एकाच गावात कसं वाटता? खेळ काढणारी कंपनी, विझार्ड्स ऑफ द कोस्ट, नमली आणि 'द ड्युएलिस्ट' या आपल्या मासिकाबरोबर तेच कार्ड वाचकांना देऊन मोकळी झाली. "घरी बसून मिळालं लोकांना, घरी बसून!" गृहस्थांचा आवाज अजून चढतो. दोन्ही कार्डांत तसूभर फरक नाही. म्हणून त्यांनी मेळ्याचा बिल्लाही त्याच डब्यात ठेवलाय.

त्याच सुमाराला कंपनीने खेळावरच्या कादंबऱ्यांच्या मागे कुपनं छापली. कापा, पाठवा, खास कार्ड मिळवा. गृहस्थांनी नाक मुरडलं. पुस्तकं घेणाऱ्यांना कार्ड? उद्या दूध-पाव घेणाऱ्यांनाही द्याल! त्यातलं 1995चं 'मॅना क्रिप्ट' फुकटात खेळता येतं आणि दर फेरीला दोन मॅना देतं. पुढे त्याला लोकांनी शेकड्यांनी डॉलर मोजले.

त्या कार्डाच्या कुपनाची कादंबरी गृहस्थांकडे आहे. कुपन न कापलेली, न वाचलेली. तिलाही कव्हर घातलंय.