जावई, पाणंद आणि वापसा

वाशिम-पुसद मार्गावरील अनसिंग मागे टाकून वाहन शिवारात शिरले, की त्याचा डांबराशी असलेला संबंध संपतो आणि पाणंदीशी सुरू होतो. पाणंद म्हणजे शेतांच्या मधून जाणारी, बैलगाडीच्या काळात पडलेली वाट. महसूल खात्याच्या गावनकाशात ती तुटक रेषेने दाखविलेली असते आणि प्रत्यक्षातही ती बरीचशी तशीच आढळते. पावसाळ्यात या वाटेने कोणी शहाणा मनुष्य मोटार नेत नाही, त्यामुळे पावसाळ्यात ती फारशी धोक्याचीही नसते. धोका आहे तो हिवाळ्यात, कारण हिवाळ्यात ती कोरडी दिसते.

थंड देशांतील वाहनचालकांना हिवाळा म्हटले की बर्फ आठवतो आणि बर्फावर उपाय म्हणून चाकांना बांधायच्या साखळ्या आठवतात. अनसिंगच्या शिवारात बर्फ पडत नाही, तेथे ओलित होते. ओलित म्हणजे विहिरीचे किंवा बोअरचे पाणी मोटारीने उपसून हरभऱ्याला व गव्हाला देणे. शेतीपंपांच्या थ्री फेज विजेची पाळी बरेचदा रात्रीची असल्याने हे काम शेतकरी काकडत, डोक्याला दुपट्टा गुंडाळून आणि एका हातात बॅटरी धरून करतो. तुषार संचाची तोटी रात्रभर गोल फिरत राहते, आणि हरभरा कोठे संपतो व पाणंद कोठे सुरू होते हे तिला कोणी सांगितलेले नसते. पहाटे धुवारी, म्हणजे दाट धुके, उतरते. मग ऊन येते आणि वाटेवर वरच्यावर एक खपली धरते. नेमकी याच सुमारास शहरातून आलेली मोटार पाणंदीच्या तोंडाशी उभी राहते.

खपलीखाली जे असते त्याला भूशास्त्रात मोठी प्रतिष्ठा आहे. दख्खनचा बेसाल्ट झिजून तयार झालेल्या या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आकसते, म्हणून हीच जमीन एका ऋतूत गाडी गिळते आणि दुसऱ्या ऋतूत हात जाईल एवढ्या भेगा दाखवते. ओली असताना ही माती टायरच्या खाचांत जाऊन घट्ट बसते; ज्या नक्षीसाठी दुकानदाराने जास्तीचे पैसे घेतलेले असतात ती काही क्षणांत बुजते आणि चारही टायर गुळगुळीत होतात. शेतकऱ्याजवळ या मातीची परीक्षा करण्याची जुनी रीत आहे. जमिनीत ओलही आहे आणि हवाही खेळते आहे, अशा मशागतीयोग्य स्थितीला वापसा म्हणतात. चार बोटे खालची माती घेऊन तिचा लाडू वळावा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडावा, तो फुटला तर वापसा आला, नुसता चपटा झाला तर औत काढू नये. जेथे औत काढू नये तेथे दीड टनाची गाडी काढू नये हे त्यातून उघड निघते, परंतु वाहन घेताना मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत लाडवाचा उल्लेख नसतो.

आता मोटार तेथे येतेच का, असा प्रश्न उरतो. डिसेंबर-जानेवारीत शेतात रोडगे आणि वांग्याची भाजी करण्याचा प्रघात या भागात आहे. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, आणि ते घरी केले तर त्यांना चव येत नाही असा सार्वत्रिक समज आहे. या निमित्ताने पुण्याहून मुलगी आणि जावई येतात, आणि जावयाची गाडी नवी, उंच आणि जाहिरातीत खडक चढणारी असते. अशा बहुतेक गाड्यांत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो ही गोष्ट जावयाला ठाऊक असते, पण तो ती सासुरवाडीत सांगत नाही. वाट विचारली असता बांधावरचा मनुष्य ‘जाते ना, कालच गेली’ असे खात्रीने सांगतो. काल गेला तो ट्रॅक्टर होता, एवढा तपशील त्या साक्षीत गाळलेला असतो. सुकाणूवर जावई असल्याने चुकते आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही. सासरे पुढे चालत दोन्ही हातांनी ‘येऊ द्या, येऊ द्या’ करीत राहतात, आणि ‘बस्स’ हा शब्द डावे चाक पूर्ण रुतल्यानंतरच उच्चारला जातो.

यानंतर जावई ॲक्सिलरेटर दाबतो. डिफरन्शियल नावाचे यंत्र दोन चाकांना जोर वाटून देते, आणि साध्या डिफरन्शियलची खोड अशी, की जे चाक चिखलात आहे ते गरगर फिरते व जे कोरड्यावर आहे ते स्वस्थ उभे राहते; एकत्र कुटुंबातील कामाची वाटणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. फिरणारे चाक स्वतःसाठी आणखी खोल खड्डा खणते. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आधीच खोल असल्याने मधला उंचवटा गाडीच्या पोटाला टेकतो, आणि तेथे दगड असेल तर चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, फुटते.

बाजूच्या शेतातून वळसा घालावा असे कोणास वाटल्यास त्याने तूर कापली गेली आहे का ते पाहावे. तुरीचे धसकट, म्हणजे विळ्याने तिरपे कापलेले वाळके खुंट, ट्रॅक्टरच्या टायरलाही सोडत नाही. तूर उभी असेल तर कडेला रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीनची तार असते, आणि गाडी ढकलायला उतरलेल्यांपैकी एकजण आधारासाठी तीच धरतो. मागे फिरावे तर वळायला जागा नसते, कारण दोन्हीकडचे शेजारी दरवर्षी नांगराचा एकेक तास पाणंदीतून काढून घेतात. शेतरस्त्याचे तंटे मिटविण्याचा अधिकार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ यांनी तहसीलदाराला दिला आहे, परंतु रुतलेल्या जावयाला त्याचा तातडीने उपयोग होत नाही.

चाकाखाली तुराटी घालून पाहिली जाते, पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडे, घातली जाते, आणि शेवटी ट्रॅक्टर बोलावून टोचन लावले जाते. ट्रॅक्टरवाला पैसे घेत नाही. पाव्हण्याकडून पैसे घेणे त्याला कमीपणाचे वाटते, शिवाय पुढे महिनाभर सांगण्याजोगा मजकूर त्याला मिळालेला असतो. मात्र या ओढाताणीत तुषार संचाचा पाईप चाकाखाली आला असेल तर त्याची किंमत त्याच दिवशी चुकती करावी, कारण तो पाईप ज्याचा असतो त्याच्याच बांधावरून पुढल्या वर्षी जायचे असते. सासरवाडीस जाणाऱ्या वाचकांना विनंती एवढीच, की गाडी गावातच उभी करावी, भांडी आणि गोवऱ्या ट्रॅक्टरने पुढे पाठवाव्यात आणि स्वतः चालत जावे. रोडगे भाजायला तसाही पुष्कळ वेळ लागतो.