स्वीडिश वाड्यातलं चिनी बिऱ्हाड

चिनी भाषेतलं मला ओ की ठो कळत नाही. बहुधा म्हणूनच तैपेईतल्या एका घाऊक व्यापाऱ्याचा जुना डेटाबेस नव्या आवृत्तीवर न्यायचं काम पुण्यात माझ्या गळ्यात पडलं. ज्याला वाचताच येत नाही तो अक्षरांत लुडबुड करणार नाही, असा साहेबांचा हिशेब असावा.

डेटाबेस मायएसक्यूएल, आवृत्ती ४.०. मूळचं स्वीडिश घराणं. त्यामुळे कोणी काही सांगितलं नाही तर मजकूर 'लॅटिन-वन' धरायचा आणि अकारविल्हे लावायचा तोही स्वीडिश पद्धतीने, असा घरचा रिवाज. तैपेईकरांनी त्यात 'बिग-फाइव्ह' पद्धतीची चिनी अक्षरं बिनदिक्कत कोंबली. जुन्या वाड्याचा मालक भाडं आलं की आत काय शिजतंय ते विचारत नाही, तसं या डेटाबेसनेही कधी विचारलं नाही. बाइट आले, ठेवले, मागितले तेव्हा परत दिले. पाटी स्वीडिश, बिऱ्हाड चिनी, आणि सगळे सुखात.

२००४ साली ४.१ आली, आणि मालकाच्या शिकलेल्या मुलाने कारभार हाती घेतला. आता प्रत्येक रकान्याला विचारणा: तुमची लिपी कोणती? रकान्यांनी पाटीकडे बोट दाखवलं.

"अरे, कन्व्हर्टची एक कमांड मार आणि मोकळा हो," साहेब म्हणाले. नकलेवर मारून पाहिली. श्यू हे तैवानातलं घरोघरचं आडनाव. बिग-फाइव्हमध्ये त्याचे बाइट दोन: बी-थ्री आणि फाइव्ह-सी. कमांडने ते लॅटिन समजून मनोभावे रूपांतर केलं, आणि श्यूसाहेबांच्या जागी उरला वर चढवलेला बारीक ३ आणि एक तिरकी रेघ. (ही रेघ जुनीच खोडसाळ. आडनावावर अवतरण संपलं की ती पुढचं चिन्ह गिळायची आणि अख्खी क्वेरी आडवी व्हायची.)

उपाय असा: रकाना आधी ब्लॉब करायचा, मग बिग-फाइव्ह, मग 'युटीएफ-एट-एमबी-फोर'. ब्लॉब म्हणजे पुनर्विकासातलं संक्रमण शिबिर. तिथे पाटीच नसते, त्यामुळे रूपांतराचा मोह कोणाला होत नाही. शेवटचं एमबी-फोर गाळायचं नाही. मायएसक्यूएलचं साधं 'युटीएफ-एट' तीन बाइटांतच दमतं. चार बाइटांचं दुर्मीळ अक्षर आलं की जुन्या आवृत्त्या तिथून पुढचा मजकूरच छाटायच्या, आणि वर एक इशारा देऊन गप्प बसायच्या. चारांची सोय व्हायला २०१० साल उजाडलं.

खरी फजिती नावांची. २००२ ते २००५ तैवानचे पंतप्रधान होते यू शी-खुन. त्यांच्या नावातलं शेवटचं अक्षर बिग-फाइव्हमध्ये नव्हतंच, म्हणून लोक त्याचे तुकडे पाडून 'फांग-फांग-थू' असं लिहीत. पंतप्रधानांची ही कथा, तर गिऱ्हाइकाला कोण विचारतो! कचेऱ्या अशी अक्षरं आपापल्या संगणकावर स्वतः घडवत आणि मोकळ्या क्रमांकावर बसवून देत. शेजारच्या संगणकाला त्याचा पत्ता नसे.

काम उरकल्यावर तैपेईच्या हिशेबनीस बाईंना विचारलं, की एका नावात प्रश्नचिन्ह आलंय, तिथे आधी काय होतं? बाईंचं उत्तर आलं, "रिकामा चौकोन. ते अक्षर घडवलेला संगणक कधीच भंगारात गेला. हे गृहस्थ आमच्याकडे पूर्वीपासून चौकोनच आहेत. प्रश्नचिन्ह झाले तरी चालेल, बिलं वेळेवर भरतात."