तो दुसरा

पिंपळगाव बसवंतच्या मार्केट यार्डात कांद्याचा ट्रॅक्टर लिलावाच्या रांगेत उभा राहिला की त्याचा निकाल मिनिटभरात लागतो. व्यापारी ट्रॉलीत हात घालतो, चार कांदे वर काढतो, अंगठ्यानं दाबतो, पत्ती बघतो. पुकारा होतो, आणि चार महिने राबलेला माणूस ‘माल बरा आहे, पण गोल्टी जास्त आहे’ एवढा शेरा ऐकून खळ्यावर ट्रॉली रिकामी करायला निघतो. बाहेरच्या माणसाला यात क्रौर्य दिसतं. मला हेवा वाटतो. माझ्या कथासंग्रहावर आजवर कुणी एवढंही बोललेलं नाही.

संग्रहाच्या ३०० प्रती छापल्या, त्यातल्या २१२ माळ्यावर आहेत. आकडा पक्का आहे, कारण दर दिवाळीला साफसफाई करताना बायको त्या मोजते आणि शिडीवरूनच जाहीर करते. गेली सहा वर्षं आकडा स्थिर आहे. कांद्याच्या भावाला हे भाग्य कधी लाभलं नाही.

माझा मित्र कवी. त्याचं शेतीच्या औषधांचं दुकान आहे, म्हणजे गिऱ्हाईक भरपूर आणि वाचक शून्य. एका हंगामात त्यानं बुरशीनाशकाच्या डब्यावर कवितासंग्रह मोफत ठेवला. पहिल्याच दिवशी एका बागायतदारानं डबा आणि पुस्तक दोन्ही उलटून पाहिलं आणि विचारलं, “भाऊ, पुस्तक नको. त्याचे किती कमी करता?”

अशा आम्हा दोघांना मित्राच्या पुण्यातल्या भाच्यानं सांगितलं की, मामा, हल्ली लेखकाचं नुसतं लिहून भागत नाही, बोलावं लागतं. पॉडकास्ट काढा, दोघं मिळून काढा. त्याच्याकडे उदाहरणं तयार होती. इंग्लंडातले टॉम हॉलंड आणि डॉमिनिक सँडब्रूक हे दोघे इतिहासलेखक २०२० पासून ‘द रेस्ट इज हिस्ट्री’ चालवतात आणि लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल भरवतात. यातल्या हॉलंडनं रोमच्या इतिहासाकडे वळण्याआधी रक्तपिपासूंच्या कादंबऱ्या लिहिल्या होत्या, हे ऐकून मित्राला धीर आला. त्याच्या सुरुवातीच्या कविता साधारण त्याच वळणाच्या आहेत. आपल्याकडे मुंबईचे अमित वर्मा. त्यांची ‘माय फ्रेंड सांचो’ ही कादंबरी २००९ सालची, पण लोक त्यांना ओळखतात ते ‘द सीन अँड द अनसीन’मुळे. त्यात ते पाहुण्याशी चार-चार, पाच-पाच तास बोलतात. पुढे अर्थतज्ज्ञ अजय शाह यांच्या जोडीनं त्यांनी ‘एव्हरीथिंग इज एव्हरीथिंग’ सुरू केला. हे शाह म्हणजे विजय केळकरांबरोबर ‘इन सर्व्हिस ऑफ द रिपब्लिक’ लिहिणारे. मित्रानं प्रयोग म्हणून पाच तासांचा एक भाग कानात घालून बागेत ब्लोअर सुरू केला. तीन एकर फवारून झालं, टाकी धुऊन झाली, जेवण झालं, तरी पाहुणा अजून कॉलेजातच होता.

“एवढं तर आपणही बोलू,” मित्र म्हणाला. बोलण्याबद्दल आम्हाला कधीच शंका नव्हती.

रेकॉर्डिंगला पहिल्यांदा रिकामी कांदाचाळ निवडली. चाळीला चहूकडून फटी असतात, कारण कांद्याला वारा लागतो. माइकलाही तो लागला. शिवाय कांदा गेला तरी वास राहतो. पहिल्या भागात मी माझ्या आईवरची गोष्ट सांगताना मित्र नाक ओढतोय असं ऐकू येतं, ते भावनेनं नाही. मग पॅकिंग शेडमध्ये गेलो, तिथे प्रीकूलिंगचा कंप्रेसर दर सात मिनिटांनी सुरू व्हायचा. शेवटी मित्राच्या घरची आतली खोली, खिडकीला दोन गोधड्या. तरीही मुंबई-आग्रा रस्त्यावरचा एखादा ट्रक भर वाक्यात हॉर्न देऊन जातोच. आमच्या एका श्रोत्याच्या मते त्या हॉर्नची वेळ आमच्यापेक्षा चांगली साधते.

गावात बातमी पसरली. पारावर एकानं विचारलं, “पॉडकास्ट? ही कास्ट कोणती म्हणायची? ओबीसीत बसते का?” दिवस आरक्षणाच्या मोर्चांचे होते, त्यामुळे प्रश्न गमतीनं विचारला होता की माहितीसाठी, हे अजून ठरलेलं नाही.

एकटा माणूस बोलला तर लोक विषयावर मत देतात. दोघं बोलले की लोक दोघांवर मत देतात. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे दोन माणसं शेजारी बसली की त्यातलं वाईट कोण हे ठरल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही, मग ते वाटणी करून घेतलेले भाऊ असोत की जावा-जावा. तीन भाग झाले नाहीत तोच मित्राच्या दुकानात येणाऱ्यांचं ठरलं: आमचा भाऊ छान बोलतो, तो दुसरा मध्येमध्ये फार तोंड घालतो. माझ्या आळीत उलट ठरलं: आपला मास्तर मुद्द्याचं बोलतो, तो दुसरा त्याला बोलूच देत नाही. म्हणजे अर्ध्या गावात मी ‘तो’ आणि अर्ध्या गावात ‘तो दुसरा’. मधून पाराशरी नदी वाहते, असं म्हणायला हरकत नाही.

यातली मौज अशी की या मतांची आम्ही एकमेकांत वाच्यता करत नाही. मित्राला कुणी ‘तुम्हीच खरे’ म्हटलं की तो रेकॉर्डिंगला येताना भजी घेऊन येतो. भज्यांच्या पुडीवरून मला माझा भाव कळतो.

घरचं मत पहिल्याच आठवड्यात आलं होतं. बायको म्हणाली, “एक तास? घरात गॅस संपलाय का एवढं विचारलं तर ‘हूं’ करता.” तिला मी समजावलं की लेखक संवाद साधत असतो. ती म्हणाली, “मग एकदा गॅसवर साधा.”

पण खरा लिलाव झाला तो भावाच्या द्राक्षबागेत. थॉमसनची बाग, मण्यांची विरळणी चालू. आठ-दहा बाया मांडवाखाली माना वर करून कात्र्या चालवत होत्या. मण्याला हात न लावता मधला मणी नेमका उडवायचा, हे काम बघताना प्रत्येक संपादकानं मान खाली घालावी. एकीनं मोबाइल तारेला अडकवला होता आणि त्यावर चक्क आमचा भाग लागला होता. भावाच्या मुलीनं लावून दिलेला. मी वेलीच्या पलीकडच्या ओळीत उभा राहिलो. चोरून ऐकायला नव्हे. चप्पल चिखलात रुतली होती.

“हा जाड्या आवाजाचा बरा हाये,” एक म्हणाली. जाड आवाज मित्राचा.

“अन् तो दुसरा?”

“तो लई हसतो. सोताच सांगतो अन् सोताच हसतो.”

“हसू दे गं. घरी कोण हसत नसंल.”

कात्र्या चालूच. तेवढ्यात मोबाइलमधून मी ‘तद्वतच’ म्हणालो. हा शब्द मी लिहिताना कधी वापरत नाही. लिहिताना तो येतो, मी त्याच्याकडे बघतो, काट मारतो. माइकसमोर काट मारायला पेन नसतं, त्यामुळे आयुष्यभर खोडलेले सगळे शब्द रांगेनं बाहेर पडतात. भाच्यानं एकदा मोजलं, ४० मिनिटांत ६४ वेळा ‘म्हणजे’. माझ्या सगळ्या संग्रहात मिळून एवढे नसतील.

“तद्वतच म्हंजी काय गं?”

“नाशिकला म्हनत्यात तसं.”

मग सगळ्यांत वयस्कर मावशींनी वर न बघता निकाल दिला, “बाई, हे वाचून दाखवतोय. बोलत न्हाई. बोलनाऱ्या मान्साला मधी खोकला येतो.” आणि त्यांनी गाणी लावायला सांगितली, कारण आमच्या बोलण्यानं घड मोजायचा विसर पडतो. हे मी कौतुक म्हणून घरी सांगितलं.

आम्हाला खरी लोकप्रियता मिळाली ती एकदाच, आणि तिचं श्रेय केंद्र सरकारला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, तेव्हा इथले लिलाव बंद पडले होते. पुन्हा ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, ती उठायला मे २०२४ उजाडला. त्या डिसेंबरात आम्ही साहित्य बाजूला ठेवून तासभर नुसतं कांद्यावर बोललो. चाळीत माल किती, घट किती, खर्च किती, शिव्या वगळून सगळं. तो भाग ट्रॅक्टरवर वाजला, टपरीवर वाजला, खळ्यावर वाजला. चांदवडपर्यंतचे फोन आले. एक व्यापारी म्हणाले, “मास्तर, तुम्ही हुशार आहात हे आम्हाला माहीतच नव्हतं. फक्त एक करा. आज काय भाव निघाला ते आधी सांगत जा, मग तुम्हाला काय बोलायचं ते बोला.”

आम्ही ते मान्य केलं. आता प्रत्येक भाग उन्हाळ कांदा, लाल कांदा आणि टोमॅटोच्या क्रेटच्या भावानं सुरू होतो. कोणता भाग लोक कुठवर ऐकतात याचा आलेख मोबाइलवर दिसतो. पहिली दोन मिनिटं तो छान सपाट चालतो. नंतर मित्र म्हणतो, “आज आपण मुक्तछंदाविषयी बोलणार आहोत,” आणि तिथे त्या आलेखाचा कडेलोट होतो.

वडिलांना मी मोठ्या आशेनं एक भाग ऐकवला. त्यांनी तरुणपणी व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांचं कथाकथन एका व्यासपीठावर ऐकलेलं. तिघंही लेखक, तिघंही बोलणारे, गावोगाव एकत्र फिरणारे. पॉडकास्ट या शब्दाच्या कितीतरी आधी तीन जणांचा पॉडकास्ट होता तो. फरक एवढाच की श्रोते समोर सतरंजीवर बसलेले असायचे आणि मध्येच उठून गेले तर दिसायचे. हे तिघे पुढे साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. माडगूळकर १९८३ ला अंबाजोगाईला, पाटील १९८५ ला नांदेडला, मिरासदार १९९८ ला परळीला. पण वडिलांच्या पिढीनं त्यांचा क्रम आधीच सतरंजीवर लावलेला होता, आणि त्यावरून त्यांचं नि माझ्या काकांचं अजून वाजतं. वडिलांचं म्हणणं, माडगूळकर वाचावेत, पाटील बघावेत, मिरासदार ऐकावेत. काकांचं म्हणणं, शंकर पाटलांसमोर बाकीचे दोघे म्हणजे पाणी प्यायची सुट्टी. मला यात मोठा दिलासा वाटतो. म्हणजे त्या तिघांतही कुणीतरी कुणाच्या तरी घरी ‘तो दुसरा’ होताच.

“आणि आम्ही, दादा?” मी वडिलांना विचारलं.

त्यांनी मोबाइल हातात घेतला, चष्मा वर केला आणि बराच वेळ पडद्याकडे निरखून पाहिलं. “तुमचं बंद कुठून करायचं?”

हे सगळं मी सहन करतो ते गुरुजींच्या भरवशावर. गुरुजींनी मला चौथीला शिकवलं. आमची दोन्ही पुस्तकं विकत घेऊन वाचलेला पंचक्रोशीतला हा एकमेव माणूस. माळ्यावरचा आकडा २१३ नाही, तो त्यांच्यामुळे. कुसुमाग्रजांचं बालपण पिंपळगावात गेलं, त्यांचे वडील इथे वकिली करायचे, ते प्राथमिक शाळेत इथे शिकले, या गोष्टीचा गुरुजींना वैयक्तिक अभिमान आहे. जणू पाटी यांनीच पुसून दिली होती. त्यामुळे २७ फेब्रुवारीच्या आसपास आमचा भाग आला की ते जास्त कडक होतात. “तात्यासाहेबांच्या गावातून बोलताय, एवढं लक्षात ठेवा,” असं बजावतात. भाग आला की दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांचा फोन. कुठलंही मत मोघम नाही. “बाविसाव्या मिनिटाला तू ‘आणि’मधला ‘णि’ दीर्घ उच्चारलास.” “त्या दुसऱ्यानं ‘मदत केली’ऐवजी ‘मदत केल्या गेली’ म्हटलं, त्याला सांग, हा निफाड तालुका आहे.” ऐकून ऱ्हस्व-दीर्घ कळणारा श्रोता लंडनच्या त्या दोघांनाही मिळाला नसेल. मित्र नि मी कशावरही भांडतो, पण गुरुजी काय म्हणाले यावर नाही.

गेल्या ऑक्टोबरात छाटण्या जोरात होत्या. छाटणी झाली की काडीला पेस्ट लावावी लागते, आणि ती एकदाच सगळ्यांना हवी असते. मित्राच्या दुकानात सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत रांग. तो म्हणाला, या वेळी तू एकट्यानंच कर. मी वरवर कुरकुर केली. आत गोधड्या लावल्या, दार ओढलं आणि पहिल्यांदाच कुणी मध्ये तोंड न घालता सलग ४५ मिनिटं बोललो. स्वतःच सांगितलं, पण हसलो नाही. ‘तद्वतच’ एकदाही नाही. मावशींची आठवण ठेवून मध्ये एकदा खोकलोसुद्धा. ऐकून बघितलं तर वाटलं, हेच पहिल्यापासून करायला हवं होतं.

रात्री झोप लागली नाही. सकाळी सहाला फोन वाजला, तेव्हा मी आधीच उठून बसलेला होतो.

“ऐकला,” गुरुजी म्हणाले. “पूर्ण ऐकला. दोनदा.”

“मग?”

“आजवरचा सगळ्यांत चांगला. एकही चूक काढायला जागा नाही.”

मी उभा राहिलो. बायकोला हातानंच खुणावलं, चहा ठेव.

“पहिल्यांदाच असं झालं,” गुरुजी पुढे म्हणाले, “की कुणी कुणाच्या मध्ये बोललं नाही. दोघंही छान बोललात. तो दुसरा तर फारच सुधारलाय. त्याला सांग हो माझ्याकडून.”

दुकानात रांग होती. मी काउंटरच्या बाजूनं आत गेलो आणि मित्राला निरोप सांगितला. संध्याकाळी तो भजी घेऊन आला.