त्यात काय विशेष!

न्यू जर्सीतल्या कुठल्याही मराठी घोळक्यात एक तरी 'त्यात-काय' काका सापडतातच. शिक्षण पुण्यात मेकॅनिकलचं, नोकरी तीस वर्षं सॉफ्टवेअरची. त्यामुळे हातात पाना आला की अंगातलं मेकॅनिकल उसळी मारतं. प्लंबरने आकडा सांगितला की काका मनातल्या मनात त्याचे रुपये करतात आणि दचकतात. "एवढ्यात बाबांनी ताईचं लग्न उरकलं होतं! त्यात काय विशेष आहे? नळी जोडायची, झालं!"

यंदा गॅसवर चालणाऱ्या ड्रायरची पाळी होती. विजेच्या ड्रायरला 240 व्होल्टचा वेगळा पॉइंट लागतो. गॅसच्याला साधा 120चा पुरतो, कारण वीज फक्त ड्रम आणि पंखा फिरवते, कपडे वाळवायची ऊब गॅसची. बिल किती वाचेल याचं एक्सेल काकांनी सगळ्यांना पाठवलं होतं. (अंगणात दोरी बांधायला असोसिएशनची मनाई आहे, हा राग वेगळाच.)

काका सगळं एकट्याने करतात, म्हणजे बॅटरी धरायला दुसरा लागतो. तो मी. बॅटरीवाल्याने बोलायचं नसतं आणि उजेड कुठेही पाडला तरी तो चुकीच्याच जागी पडतो.

काकू माहितीपुस्तिका वाचून आल्या होत्या. "अहो, जुनी नळी परत वापरू नका म्हणतायत."

"नळ्या खपवायला लिहितात गं ते!"

तरी होम डेपोतून नवी पिवळी नळी आली, कारण जुनी काकूंनी आधीच कचऱ्यात टाकली होती.

मग टेप. लोखंडी पाइपच्या आट्यांना गॅसची पिवळी टेप गुंडाळायची, हे बरोबर. पण नळीच्या टोकाला जो फ्लेअर नट असतो, तिथे धातूवर धातू घट्ट बसूनच गॅस अडतो. तिथे टेपचं काम नाही. काकांनी तिथेही पाच वेढे दिले. "लावली तर बिघडतं कुठे?"

गळती बघायला वाटीत भांड्यांचा साबण कालवला. ब्रश काकांचाच, दाढीचा. कॉक उघडला. नटाच्या कडेला एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. लगेच त्याच जागी दुसरा. काका चष्मा कपाळावर सारून बघत राहिले.

"साबण चांगला आहे," ते म्हणाले. गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. काकांनी नाक वर केलं. "कोबी केलायस का गं आज?"

"वांगी!" म्हणत काकूंनी कॉकचा दांडा पाइपला आडवा करून गॅस बंद केला, आम्हा दोघांना बाहेर काढलं आणि अंगणातून फोन लावला.

परवानाधारक प्लंबर आला. त्याने टेप ओरबाडून काढली, नट पुसून आवळला, साबण लावला; एक बुडबुडा नाही. ड्रायरची हवा बाहेर सोडायला काकांनी लावलेली पांढरी प्लास्टिकची नळीही त्याने उपटली आणि चार इंची पत्र्याची बसवली. काका शेजारी उभं राहून त्याला सूचना देत होते. तोही बिचारा मान डोलवत होता. बिल तासावर होतं.

गणपतीत प्रसादाच्या रांगेत काका एका नव्या जोडप्याला सांगत होते, "फ्लेअरला टेप कध्धी लावायची नाही. आम्ही घरीच केलं सगळं." मग माझ्याकडे वळले. "काय रे, तुझा वॉटर हीटर किती जुना झाला?"