मायनसराव

"मायनस वन टाक!"

तोंडातला वडापाव न थांबवता, मान वर न करता हा सल्ला आला की समजावं, मायनसराव जागेवर आहेत. तुमच्याही ऑफिसात असतीलच, नाव वेगळं असेल एवढंच. पीएचपीची स्क्रिप्ट टर्मिनलवर 'अलाउड मेमरी साइज ऑफ १३४२१७७२८ बाइट्स एक्झॉस्टेड' म्हणून मान टाकते, तेव्हा आपण स्क्रिप्ट तपासतो. मायनसराव लिमिट तपासतात. हा आकडा म्हणजे १२८ एमबी, हे त्यांना तोंडपाठ. बायकोचा वाढदिवस विचारू नका. मेमरी लिमिटला मायनस वन दिलं की मर्यादाच उठते, आणि जगातली कुठलीही मर्यादा अशीच उठते हा त्यांचा ठाम समज. पुतणीच्या साखरपुड्याला केटररने पानांचा आकडा विचारला, तर म्हणाले, "मायनस वन धरा."

एकदा तासभर ते आयएनआय फाइलशी झुंजत होते. २५६, ५१२, शेवटी अर्थातच मायनस वन. दर वेळी अपाचे रीस्टार्ट, आणि टर्मिनल आपलं १२८ वर ढिम्म! वेब सर्व्हरची पीएचपी.आयएनआय वेगळी आणि कमांड लाइनची वेगळी असू शकते. 'पीएचपी' पुढे दोन डॅश देऊन 'आयएनआय' मारलं की कुठली फाइल वाचली जातेय ते लगेच दिसतं. शेजाऱ्याच्या तुळशीला पाणी घालून आपली का सुकतेय, असा हा प्रकार. मी तसं म्हणालो. "मला शिकवतोस?"

खरी फाइल सापडली, ते अधिक वाईट झालं. स्क्रिप्टने भलीमोठी सीएसव्ही अख्खी अ‍ॅरेत ओढली आणि सर्व्हरच्या आठ जीबीतली उरलीसुरली मेमरी फस्त केली. मग लिनक्सचा ओओएम किलर उठला. हा यमदूत गुन्हा कुणाचा ते विचारत नाही. अंगाने जाड कोण, हे मुख्यतः बघतो. त्या क्षणी जाड होता डेटाबेस. साइट बंद, फोन सुरू. मायनसराव म्हणाले, "रॅम वाढवायला सांगा."

शेवटी तीन दिवस बसून मी 'यील्ड' वापरून स्क्रिप्ट एकेक ओळ वाचणारी केली. बारा एमबीत काम. कॉलर ताठ करून दाखवायला गेलो. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.

"छान आहे. पण मग उरलेल्या रॅमचं काय करायचं?"

आता कबूल करायचं तर, एका महिनाअखेरीला रात्री दोन वाजता पगाराची स्क्रिप्ट मेली, तेव्हा भर पावसात स्कूटर काढून हेच आले. काय टाकलं ते सांगायला नको. स्क्रिप्ट चालेस्तोवर बाहेर टपरीवर चहा घेतला. रेनकोट निथळत होता.

"दहा बाय बाराच्या खोलीत सात जण वाढलो रे. आंघोळीला पाणी मोजून एक बादली. कुणी 'पुरे' म्हटलं की अजून डोकं फिरतं."

दोन वर्षांपूर्वी ते रिटायर झाले. मागच्या आठवड्यात ती स्क्रिप्ट उघडली. मायनस वनच्या ओळीशेजारी त्यांची कमेंट आहे: 'तात्पुरतं. सोमवारी नीट करतो.' तारीख २०१६ ची. पगार अजून वेळेवर होतात.

मलाही ती ओळ नीट करायचीय. सोमवारी बघतो.